लोटन आप्पांचा पंचकल्याणी

घोडा पारखावा तो लोटन आप्पांनीच, असं सारंगखेड्यात म्हटलं जायचं. कोण म्हणायचं, असं विचारलंत तर जास्त करून लोटन आप्पाच म्हणायचे. पण ते अगदीच खोटं नव्हतं. एके काळी तिथल्या घोड्यांच्या यात्रेत लांबलांबचे शौकीन घोडा घेण्याआधी आप्पांना शोधत यायचे. आप्पा जनावराभोवती एक फेरी मारायचे, कपाळावरचा भोवरा बघायचे, पाय उचलून खूर बघायचे आणि मग खांद्यावरचा रुमाल काढायचे. रुमाल निघाला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. रुमालाखाली आप्पांचा एक हात आणि गिऱ्हाइकाचा एक. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चालायच्या आणि सौदा खाली होऊन जायचा. चारचौघांत तोंडाने भाव सांगणं म्हणजे आप्पांच्या मते उघड्यावर आंघोळ करणं होतं.

आता सगळं जगच उघड्यावर आंघोळ करायला लागलं. यात्रेआधी घोड्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो, त्याच्या खाली भाव लिहिलेला असतो आणि लोक यात्रेत येतात ते घोड्याबरोबर फोटो काढायला. आप्पांचा रुमाल कित्येक वर्षं खांद्यावरच होता. तरी दर यात्रेत ते आपल्या चिंचेखाली येऊन बसायचे. वडील तिथेच बसत. कोणी विचारायला येवो न येवो, त्या चिंचेखाली बसलेला माणूस दलाल आहे एवढं तरी लोकांना दिसायचं. ती जागा गेली तर यात्रेत हिंडणारा एक म्हातारा उरणार होता, आणि हे आप्पांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

यंदा नेमकी तीच जागा गेली. आप्पा पोचले तर चिंचेखाली एक यंत्र उभं होतं. शहाद्याचा धीरज नावाचा तरुण ते घेऊन आला होता आणि जागेची रीतसर पावती त्याच्या खिशात होती. यंत्राला वर मोठा पडदा आणि खाली काचेचं टेबल. काचेवर फुटबॉलच्या खेळाडूंचे फोटो छापलेले अकरा पत्ते मांडायचे. पत्ता ठेवाल तिथे पडद्यावरचा खेळाडू उभा राहतो, पत्ता सरकवाल तसा पळतो आणि फार पळवलात तर दमतो. पास द्यायला एक बटण, गोल मारायला दुसरं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला समोरच्याचे अकरा. डाव संपला की यंत्र एक नवा पत्ता बाहेर टाकतं, आणि त्या पत्त्यांच्या अदलाबदलीसाठी भोवती ही झुंबड उडालेली.

“हाई जागा मन्ही शे,” आप्पा म्हणाले.

“मंग बठा ना आप्पा. कोन नही म्हनस?” धीरजने स्टूल पुढे केलं.

पोरगा बिचारा चांगल्या मनाने बोलला होता. पण आपल्याच जागेवर आपल्याला पाहुण्यासारखं बसवलेलं आप्पांना फार लागलं. ते उभेच राहिले. शेजारीच त्यांच्या पत्नी रंजनाबाई यांची भज्यांची गाडी होती. त्या कढईतून मान वर न करता म्हणाल्या, “जागा पायजे ते खेळी ल्या. जो जिकी त्यानी जागा!”

रंजनाबाईंनी हा टोमणा मारला होता. आप्पांनी तो प्रस्ताव समजून मंजूर केला. धीरजलाही वाटलं, म्हाताऱ्याबरोबर सामना लावला तर गर्दी आणखी वाढेल. सामना दोन दिवसांनी ठरला, तोवर आप्पांना सराव फुकट.

पहिल्याच डावात आप्पांनी अकराही पत्ते एका ओळीत मांडले, यात्रेत घोडे दावणीला बांधतात तसे. गोलकीपरसुद्धा ओळीत. एकटं जनावर मागे बांधलं की ते बुजतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. धीरजने फार समजावलं. मागे चौघं ठेवा, दोन्ही कडांना पळणारे ठेवा, मधे पास देणारे ठेवा, एकाच देशाचे दोघं शेजारी ठेवले तर त्यांची जोडी जमते. यातलं जोडीचं तेवढं आप्पांना पटलं. आप्पांवर गोल इतके झाले की रंजनाबाईंनी मोजणं सोडून भजी तळायला घेतली.

“हारनं काही नही,” आप्पा म्हणाले. “मन्हाकडे जनावरच नही शे.”

म्हणून त्यांनी पारख सुरू केली. पत्त्यावर खेळाडूची ताकद, वेग, दम असे आकडे छापलेले होते. आप्पांनी त्यांच्यावर अंगठा ठेवून फक्त फोटो पाहिला. डोळे कसे आहेत, मान कशी धरली आहे, भांगाजवळ भोवरा कुठे आहे. असं करता करता धीरजच्या पत्त्यांत त्यांना एक सापडला. दोन पायांत पांढरे मोजे, दोन मनगटांवर पांढरे पट्टे आणि कपाळाला पांढरी पट्टी. चार पाय आणि कपाळ पांढरं असलेला घोडा म्हणजे पंचकल्याणी, ज्याच्या दारात उभा राहील त्याचं भलं करणारा. यंत्राने त्यांना एक सोनेरी काठाचा, भारी आकड्यांचा पत्ता दिला होता. तो त्यांनी जागच्या जागी धीरजला दिला आणि पंचकल्याणी घेतला.

“आप्पा, ह्यामा काहीच दम नही,” धीरज प्रामाणिकपणे म्हणाला. “आनि तो घोडा नही, मानूस शे.”

“मानूस व्हई. पन तुले पाय देखता येतस का?”

सोनेरी पत्ता घालवून आलेल्या नवऱ्याकडे रंजनाबाईंनी नुसतं पाहिलं. संसारात त्यांनी याहून वाईट सौदे पाहिले होते.

सामन्याच्या दिवशी चिंचेखाली पाय ठेवायला जागा नव्हती. धीरजने आपली सगळी फळी पुढे सरकवली आणि चेंडू आप्पांच्या अंगावर आणला. आप्पांनी पुन्हा दावणच बांधली, पण यावेळी ती थेट आपल्या गोलच्या तोंडाशी. गर्दीच्या ठिकाणी जनावराची पाठ भिंतीला लावून ठेवावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण त्या अकरा जणांच्या भिंतीतून चेंडू काही जाईना. “आप्पांनी डिफेन्स टाइट केला,” असं मागे कोणीतरी जाणकार म्हणाला. आप्पांना वाटलं, शिवी दिली.

तेवढ्यात जनरेटरने उचकी दिली आणि पडद्यावरचं चित्र झटके खाऊ लागलं. सगळेच खेळाडू अडखळले, पण आप्पांची नजर एकावरच होती.

“लंगडी ऱ्हायना!” ते ओरडले. “ह्याले पळाडानं नही.”

त्यांनी पंचकल्याणीचा पत्ता हळूच उचलला. काचेच्या पार पलीकडे, धीरजच्या गोलाजवळ, चिंचेची सावली पडली होती. तिथे नेऊन त्यांनी त्याला उभा केला. थकलेल्या जनावराला सावलीत बांधतात, त्यात काय विचारायचं? समोरच्याच्या गोलाजवळ आधीच जाऊन उभं राहू न देणारा ऑफसाइडचा नियम त्या यंत्रात नव्हता. असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

धीरजने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याचे दहाही जण पुढे आले होते आणि पळून पळून दमले होते, पडद्यावर लाल दिसत होते. आप्पांच्या दावणीतल्या एकाच्या पायाला चेंडू लागला, उडाला आणि थेट सावलीत जाऊन पडला. तिथे पंचकल्याणी पोटभर विसावा घेऊन उभा होता, आणि समोर एकटा गोलकीपर.

“मारा ना, दाबा!” गर्दी ओरडली.

“लंगडास तो,” आप्पा म्हणाले आणि बटणावरून हात मागे घेतला.

रंजनाबाईंनी तेलकट हाताने बटण दाबलं. गोल झाला. पुढे वेळ संपेपर्यंत भिंत फुटली नाही, आणि लोटन आप्पा जिंकले. लोकांनी त्यांना उचलून घेतलं. कित्येक वर्षांनी यात्रेत “आप्पा, आप्पा” झालं, आणि आप्पांचे डोळे भरून आले.

धीरज शब्दाचा पक्का निघाला. त्याच संध्याकाळी त्याने यंत्र उचललं आणि पार यात्रेतल्या मोठ्या पाळण्यापलीकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा चिंचेखाली बसले. ऐसपैस जागा, थंड सावली, खांद्यावर रुमाल. सकाळपासून बरेच लोक आले. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, “आप्पा, तो पत्तासना फुटबॉल कोठे गया?” आप्पा हात करून रस्ता दाखवत होते. दुपारपर्यंत चिंचेखाली ते आणि ज्यांची भजी खपत नव्हती त्या रंजनाबाई, एवढेच उरले.

“बठा आते,” रंजनाबाई म्हणाल्या. “जागा तुम्हनीच शे.”

आप्पा थोडा वेळ बसले, मग उठले आणि पाळण्यापलीकडे गेले. धीरज काच पुसत होता. आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्याचा हात त्याखाली ओढून घेतला.

“औंदा थंडी कमी शे,” तोंडाने ते म्हणाले आणि खाली धीरजची दोन बोटं दाबली. अर्थ असा, की यंत्र चिंचेखाली परत आण, जागा दोघांची, आणि मला रोज दोन डाव फुकट.

धीरज गोंधळला. म्हातारा हात धरून थंडीचं बोलतोय, डोळेही ओले दिसतायत, एवढंच त्याला कळलं. त्याने आप्पांचा सगळा पंजा आपल्या हातात घट्ट धरला.

पाच! आप्पा चमकले. मागितले दोन आणि देतो पाच? असा दलाल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

“पक्कं?” त्यांनी विचारलं.

“कसानं पक्कं आप्पा?” धीरज म्हणाला. “एकलं वाटी ऱ्हायनं का? चला, मी यंत्र तठेच आनस.”

तेव्हा आप्पांना कळलं की या पोराला बोटांची भाषा येतच नाही. तो सौदा करत नव्हता, नुसता हात धरून उभा होता. रुमालाखाली शेवटचा हात कोणाचा आला होता हेही त्यांना आठवेना. सौदा पाचावर ठरला, असं ते अजून सगळ्यांना सांगतात. त्यावेळी मात्र त्यांनी रुमाल लगेच काढला नाही.