हद्दीवरचा हिरडा

भीमाशंकरच्या अंगाला, आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला लंकाबाईचं गाव. गावामागं देवराई. त्या रानातली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी नेत नसे. चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात तिचा नवरा भागू हिरडा झोडायला झाडावर चढला, फांदी मोडली आणि तो खाली आला तो गेलाच.

झाड देवराईच्या अगदी कडेला होतं. आत की बाहेर, यावरून गावात कुजबुज सुरू झाली. देवाची पूजाअर्चा गेणभाऊंकडं असे. ते म्हणाले, "झाड आतलं हाय. देवाच्या रानात हात घातला त्यानं."

झालं. त्या वर्षीपासून उत्सवात लंकाबाईच्या घरचा नैवेद्य कुणी घेईना. ती भांडली नाही. दिवसकार्यातही ती रडली नव्हती. बाया म्हणाल्या, दगड हाय ही. लंकाबाईला तेही खरंच वाटलं. आत कुठं काही हलतच नव्हतं. भात लावायची, नाचणी कांडायची, लेकीची, मोहिनीची, वेणी घालायची.

पुढं वनखात्यानं रानात येणाऱ्या पावण्यांसाठी पायवाटा केल्या. लंकाबाई रोजावर लागली. वाटेवर आलेली कारवी छाटायची, वाहून गेलेले दगड पुन्हा बसवायचे. वाट त्या हिरड्याखालूनच जायची. ती तिथलाही पाला झाडायची आणि पुढं सरकायची. मोहिनी लग्न होऊन ओतूरला गेली. "आये, तितं नको जाऊस कामाला," ती म्हणायची. "वाटच हाय ती," लंकाबाई सांगायची.

अशी बरीच वर्षं गेली. गेणभाऊंना दिसेनासं झालं. एका सकाळी ते काठी टेकत वाटेच्या तोंडाशी उभे होते.

"कोन हाय?"

"मी लंका."

"मला देवापातुर ने गं. पोरांना येळ न्हाई."

तिनं त्यांचा हात धरला. सावकाश चालत दोघं हिरड्यापाशी आली. गेणभाऊंनी चाचपून बुंध्यावर हात ठेवला.

"ह्ये झाड भायेरचं हाय, लंके. मला तवाबी ठावं व्हतं. झाड आतलं म्हनलं तर बाकीची पोरं रानाला भितील, आसं वाटलं. रान वाचलं. तुझं मातर लई वाईट केलं मी."

लंकाबाई ऐकत होती. राग येईल म्हणून तिनं जरा वाट पाहिली. आला नाही.

"पुढं मूळ वर आलंय," ती म्हणाली. "पाय उचलून टाका."

देवापाशी त्यांना बसवून ती कामाला लागली. त्या वर्षीच्या उत्सवात गेणभाऊंनी सगळ्यांसमोर हेच सांगितलं. मोहिनी आली होती; ती उठली आणि राईबाहेर जाऊन मोठ्यानं रडली.

लंकाबाईनं भात आणि गूळ देवापुढं ठेवला. तो सगळ्यांना वाटला गेला. शेजारची ठमाबाई तिच्याजवळ येऊन बसली. "आता बरं वाटलं आसंल," ती हळूच म्हणाली.

"कळत न्हाई गं," लंकाबाई म्हणाली, आणि पत्रावळीतला आपला भात तिनं शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.