छपरावर नसलेला दोडका

पंचक्रोशीतील समस्त लहानथोरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या आईच्या गोठ्यावर दोडक्याचा वेल नाही. तो तिथे कधी नव्हता. कुणाला तिथे पिवळी फुलं दिसली असतील तर तो नजरेचा दोष समजावा आणि खाली तालुक्याला जाऊन डोळे तपासून घ्यावेत.

हे निवेदन मी स्वतः तयार केलं होतं. बियाणे कंपनीचे साहेब आले की आई, शेजारचे चाचा आणि मी, असं तिघांनी ते एका सुरात म्हणायचं ठरलं होतं. पण आमचा सूर कधी एक होतो का?

आमचं गाव जालना जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, डोंगराच्या माथ्यावर. खालून येणारी एसटी घाटातच दम खाते आणि पुष्कळदा तिथूनच माघारी वळते. या आडबाजूला असण्याने आम्हाला जन्मभर छळलं. लोक मुली द्यायला कचरायचे, डॉक्टर टिकायचा नाही. आणि मग कंपनीवाल्यांना शोध लागला की बियाण्यासाठी असलं गाव म्हणजे सोनं! आसपास दुसऱ्या कुणाचं पीक नाही, म्हणजे भेसळीची भीती नाही. जे ऐकून पाहुणे नाक मुरडायचे, तेच ऐकून साहेब खूश व्हायला लागले.

यंदा माझ्या वहिनीने पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर दोडक्याचा बियाण्याचा प्लॉट घेतला. नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. संध्याकाळी फुलं उमलायला लागली की बायका नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर हलकेच फिरवतात आणि वर कागदाची पिशवी लावतात. लग्न लावून नवरीला खोलीत बंद करायचं, असा हा प्रकार. कंपनीची अट एकच होती. प्लॉट सोडून गावात दोडक्याचा दुसरा वेल दिसता कामा नये. पाखरांना गावची शीव कळत नाही, ती इकडचा पराग तिकडे नेतात. एक जरी वेल दिसला तरी प्लॉट नापास.

साहेब प्लॉट तपासायला येणार होते, नेमकी त्याच आठवड्यात मी सासरहून, नवीन जालन्याहून, माहेरी आले. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच वहिनी म्हणाली, "ताई, आईंना सांगा वो तुमी. वेल काढून टाका म्हणावं. माझं तर ऐकूनच न्हाई राह्यल्या."

मी आईकडे गेले. आई म्हणाली, "काढला की. उकिरड्यावर पडलाय, बघ जाऊन."

बघितलं. उकिरड्यावर वेल होता खरा, पण त्याची पानं भोपळ्याची होती. मी परत आले तर आईने माझा हात धरून मला गोठ्यामागे नेलं आणि वर बोट दाखवलं. दोडक्याचा वेल छपरावरून थेट चाचांच्या पत्र्यावर गेलेला, आणि त्यांच्या बाजूला एकच जाडजूड दोडका लोंबत होता. पिवळा पडलेला, बियाला राखलेला.

आता गंमत संपली, असं मला तिचं तोंड बघून वाटलं. या दोडक्याचं बी आईने लग्नात पदराला बांधून आणलेलं. तिच्या माहेरचं शिवार पुढे तलावात गेलं. तिथे आता पाणी आहे, दोडका नाही. दरवर्षी ती एक फळ वेलावरच वाळवते आणि त्याचं बी पुढच्या वर्षी लावते. मागचं उरलेलं बी उंदरांनी खाल्लं होतं. म्हणजे जे होतं ते या एका फळात.

"हलवलं की आत बी वाजलं पायजे," आई म्हणाली. "अजून वाजून न्हाई राह्यलं. पोळ्यापर्यंत राहू दे. मंग मीच कापते."

"आणि वहिनीचा प्लॉट?"

"तिच्या प्लॉटाला मी धक्का लावीन का? रोज दिवस मावळायच्या आत नराच्या सगळ्या कळ्या खुडते. नराचं फूलच न्हाई तर पाखरू काय नेईल?"

मला हे पटलं. मग वहिनीचं आठवलं आणि तेही पटलं. माझी ही जुनी खोड आहे, समोर जो असेल त्याचं मला पटतं. त्या दिवसापासून मी सकाळी वहिनीच्या बाजूची असायचे आणि संध्याकाळी आईबरोबर शिडीवर. त्यातही कोणती कळी खुडली आणि कोणती राहिली, याचा मला पत्ता लागायचा नाही. आई खालून ओरडायची, "अगं, ती मघाच तोडलेली देठं हायेत! फूल तुझ्या डोक्यामागं हाय!"

शेवटी साहेब येणार तो दिवस उगवला. सकाळीच आईने चाचांना गाठलं. चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करतात आणि अख्ख्या गावाच्या भानगडीही. आमच्याकडे रीत अशी की, वेल कुणाचाही असो, फळ ज्याच्या बाजूला लोंबेल त्याचं.

आई म्हणाली, "भाऊ, दोडका तुमच्याकडं लोंबलाय. म्हंजे वेल तुमचाच. तसंच सांगा सायबाला."

चाचा दोन पावलं मागे सरले. "वा भाभी! जड तुमच्या अंगणात. मेरे पत्र्यावर तो वो मेहमान है."

"मेहमान चार महिने राहतो का?"

"तुमची ही नाही का आली? महिना झाला असंल," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला येऊन आठवडाही झाला नव्हता. पण मुद्दा भलताच होता. वेल आईचा असो की चाचांचा, दिसला तर प्लॉट नापासच! हे मी तीनदा सांगितलं. दोघांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा मूळ कुणाचं, फळ कुणाचं, तिथूनच सुरू झाले.

तोडगा चाचांनीच काढला. घरातल्या सगळ्या गोधड्या त्यांनी पत्र्यावर आणि छपरावर वाळत घातल्या. बियाच्या दोडक्यावर टोपलं पालथं बांधलं. आभाळ भरून आलेलं, आणि आमच्या दोन घरांवर गोधड्याच गोधड्या.

साहेब आले. साहेब म्हणजे एक तरुण, साधा मुलगा होता. वहिनीबरोबर प्लॉट फिरला, पिशव्या बघितल्या, खूश झाला. मग गल्लीतून येताना थांबला आणि वर बघून म्हणाला, "पाऊस येतोय ना? गोधड्या काढा की."

चाचा म्हणाले, "काढतो साहेब, काढतो. बिलकुल जल्दी नाही."

साहेब गोंधळले, पण आत आले. वहिनीचा जीव भांड्यात पडला. आता फक्त जेवण उरलं होतं. जेवण झालं की सही.

ताटं आली. माझी नजर ताटावर गेली आणि घास हातातच राहिला. कोवळ्या दोडक्याची रसभाजी. शेजारी दोडक्याच्या शिरांची चटणी. सकाळपासून तिघांनी मिळून जो वेल लपवला, तो आईने सोलून, चिरून, फोडणी देऊन साहेबांच्या पुढ्यात ठेवला होता. दारी आलेल्याला घरातलं सर्वांत चांगलं ते वाढायचं, एवढंच तिला ठाऊक. वहिनीने भाजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चाचांना ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या सांडून बघितला, उपयोग झाला नाही. साहेब पाण्यातून पाय उचलून जेवत राहिले.

दुसरी भाकरी संपवून ते म्हणाले, "मावशी, असला दोडका मी खाल्ला नाही. पण आज बाजार नाही ना? कुठून आणला?"

वहिनीचा प्लॉट आणि आईचं बी, दोन्ही त्या एका प्रश्नावर लोंबत होतं. मग नाटकवाल्या बाईला साजेल अशा आवाजात मीच म्हणाले, "मी आणला! नवीन जालन्याच्या मंडईतून. येताना पिशवी भरूनच आणली."

"असं होय," म्हणत साहेबांनी खिशातून पेन काढलं. चाचांनी डोळे मिटून वर बघितलं. वहिनी हसली. आम्ही वाचलो होतो. पण चुलीपुढे आईच्या हातातली भाकरी थापायची थांबली होती. तिच्या माहेरच्या दोडक्याला कुणीतरी मंडईतला म्हटलं होतं.

ती ताडकन उठली, पिठाचे हात कमरेवर ठेवले आणि साहेबांना म्हणाली, "मंडईतला? अरे लेकरा, मंडईतल्या दोडक्याला असली चव असती का? सकाळीच शिडी लावून वरून तोडलाय मी!"