माय अध्यक्ष झाली त्या दिवशी

माझी माय मंडळाची अध्यक्ष झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि पुण्याहून शिकून नुकतीच अकोल्याला परतले होते. मोर्णेच्या काठी आमची भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सणावाराला शेवंती. माय सकाळी बाजारात बसायची आणि दुपार कलली की बायकांच्या दवाखान्यात जायची. गावातल्या वीस-बावीस बायकांनी एक सेवा मंडळ काढलं होतं. ज्या बाळंतिणीकडे कोणी फिरकत नाही तिच्याजवळ बसायचं, तिला पेज न्यायची, तिचे कपडे धुवायचे, एवढंच त्याचं काम.

मंडळातल्या बहुतेक बायका वकील-मास्तरांच्या घरच्या. अध्यक्ष वकिलीणबाई. त्यांच्या मालकांनी नागपूरला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं तेव्हा त्या सगळ्यांना म्हणाल्या, "माझ्या जागी ह्यांना बसवा. तापाच्या साथीत आपण दारं लावून घेतली होती. ह्या एकट्या जात होत्या." तसं ठरलं.

माय घाबरली. "मले दोन शब्द बोला लागते म्हणे," ती मला म्हणाली. "तू लिहून दे, बाई. शुद्ध लिहून दे, तुया पुण्यासारखं."

मी लिहिलं. 'भगिनींनो, आपण माझ्याविषयी जो विश्वास प्रकट केलात' अशी सुरुवात होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती मेथीच्या जुड्या बांधायची आणि मी म्हणून दाखवायची. ती "इस्वास परगट" म्हणायची, मी दुरुस्त करायची. ती न रागावता पुन्हा म्हणायची. असे पंधरा दिवस गेले.

कार्यक्रम मुलींच्या शाळेत होता. त्याच शाळेत पुढच्या आठवड्यात मी शिक्षिका म्हणून रुजू होणार होते आणि मुख्याध्यापिका माझ्या शेजारीच बसल्या होत्या. वकिलीणबाईंनी मायला कुंकू लावलं, तिची ओटी भरली, तिला खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि लगेच उठून उभी राहिली.

"भगिनींनो," ती म्हणाली. पुढचं तिला आठवेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं असतं. मी खाली पाहिलं.

मग ती आपल्या बोलीत बोलायला लागली. "बायांनो, पोरीनं लिहून देलं होतं, ते मी इसरली. जे पायलं ते सांगतो. मांगच्या मयन्यात दवाखान्यात एक बाई होती. लेकरू गेलं होतं तिचं. ती मले म्हणे, तू काहून रोज येते वो? मी तुयी कोण लागतो? तं मी तिले म्हटलं..."

"तिले नाही, आई. तिला."

मी हळू बोलले होते असं मला वाटत होतं, पण खोली इतकी शांत होती की सगळ्यांना ऐकू गेलं. कोणीतरी हसलं, मग आणखी चारजणी हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मायनं माझ्याकडे पाहिलं, हात जोडले, "झालं" म्हणाली आणि बसली.

घरी आल्यावर पाय धुऊन ती चुलीपाशी गेली आणि मला म्हणाली, "तुला भाकर वाढू?" मी जेवायला बसले. ती 'तुले' न म्हणता 'तुला' म्हणाली, हे त्या दिवशी माझ्या लक्षातही आलं नाही.

तिनं वर्षभर मंडळाचं काम केलं, पण सभेत पुन्हा तोंड उघडलं नाही. काही सांगायचं असलं की शेजारच्या बाईच्या कानात सांगायची. बाबांशी, गिऱ्हाइकांशी ती पहिल्यासारखीच बोलायची. माझ्याशी मात्र शब्द पारखून. "मले" तोंडात आलं की थांबायची, आणि पुष्कळदा ती गोष्टच सोडून द्यायची.

एकदा मी विचारलं, "माय, त्या बाईले तू काय म्हटलं होतं? मले सांग ना."

"आता आठवत नाही," ती म्हणाली. "आणि तू नको बोलू असं. तुझी नोकरी आहे."

चार वर्षांनी ती त्याच दवाखान्यात तापानं पडली. मंडळातल्या बायका आळीपाळीनं तिच्याजवळ बसत. मी शाळा सुटल्यावर जायची. दाराबाहेरच तिचा आवाज ऐकू यायचा, मोकळा, भरभर. मी आत पाऊल टाकलं की थांबायचा. "बस," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी गप्प बसायचो.

म्हणून मी आत जाणं लांबवू लागले. शेवटच्या दिवशीही व्हरांड्यात उभी होते. ती कोणाला तरी सांगत होती, "खालच्या वाफ्याले पाणी द्या लागते, वांगे सुकून रायले असतीन." मग वांग्यांवरून बाजाराचं निघालं, बाजारावरून कोणाच्या तरी लग्नाचं. मी भिंतीला टेकून सगळं ऐकलं. तिचा आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, झोप लागली असेल. उठवायला नको म्हणून मी आणखी थोडा वेळ बाहेरच थांबले.