मार्तंड सरांनी न लिहिलेला सर्व्हर

मार्तंड सरांचा मुलगा अनय गेला त्याला वर्ष झालं, त्याच दिवशी त्या दोघांनी मिळून बांधलेलं घर मी पुसून टाकलं. घर कम्प्युटर गेममधलं होतं, भिंती चौकोनी ठोकळ्यांच्या होत्या, हे सगळं खरं. पण कुणी माझी समजूत घालायला हे सांगू लागलं की माझं डोकं फिरतं.

सर आमच्या अंधेरीच्या ऑफिसात बावीस वर्षं सर्व्हर सांभाळत होते. औषधांच्या दुकानांची बिलं बनवणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. पूर्वी सर्व्हर म्हणजे एसीच्या खोलीतली खोकी. मग सगळं क्लाउडवर गेलं, खोकी भंगारात गेली आणि सरांच्या वयाची माणसं एकेक करून घरी बसली. सर बसले नाहीत. पन्नाशीत कोड शिकले. किती सर्व्हर हवेत, केवढे हवेत, ते फाइलीत लिहायचं, काळ्या स्क्रीनवर एक कमांड द्यायची, की चार मिनिटांत ते कुठल्या तरी लांबच्या इमारतीत चालू होतात. मी कांजूरमार्गची, डिप्लोमा केलेली, मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी. मला हे सगळं त्यांनी शिकवलं, तेही शिव्या घालत.

"माउसला हात लावलास तर याद राख," म्हणायचे. हाताने क्लिक करून सर्व्हर बनवणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. फाइलीत लिहा, मालक म्हणून स्वतःचं नाव घाला. दर शुक्रवारी पाच वाजता ते टेस्टच्या, म्हणजे नुसतं करून बघायच्या, खात्यात एक कमांड चालवायचे. ज्यांना मालकाचं नाव नाही असे बेवारस सर्व्हर ती एकेक करून दाखवायची आणि विचारायची, पुसू का? "नाव नाही ना? मग उडव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शुक्रवारी ते कधी रजा घेत नसत. नियमाचा माणूस, असं आम्हाला वाटायचं.

अनयला रक्ताचा कॅन्सर होता. एकोणीस वर्षांचा मुलगा. हॉस्पिटलच्या काचेच्या खोलीत एकालाच आत सोडायचे, आणि आत त्याची आई, माणिककाकू, असायच्या. बाहेर बाकावर बसलेल्या बापाला लेकाने गेममध्ये बोलावून घेतलं. दोघांनी तिथे घर बांधायला घेतलं. आईला पूर्ण झाल्यावरच दाखवायचं, ही अनयची अट. गेम चालायला सर्व्हर लागतो, बांधलेलं सगळं त्याच्यावरच साठतं. सरांनी तो ऑफिसच्या टेस्ट खात्यात बनवला. हाताने, क्लिक करून. फाइलीत लिहिला असता तर सगळ्यांना दिसला असता, आणि ऑफिसची वस्तू घरच्या कामाला वापरल्याची त्यांना लाज वाटत होती. दर शुक्रवारी यादीत तो आला की ते गुपचूप 'नाही' दाबायचे. अनय गेल्यावर उरलेलं छप्पर त्यांनी एकट्याने घातलं, रोज जेवणाच्या सुट्टीत, थोडं थोडं.

वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे शुक्रवारी आलं. सर रजेवर. पाच वाजता मी आपणहून, पहिल्यांदा एकटीने, ती कमांड चालवली. यादीत एकच सर्व्हर, नाव नाही, नुसता लांबलचक नंबर. फोन करावा, असं मनात आलं होतं. पण घरात श्राद्ध, अशा दिवशी माणसाला काय छळायचं? मी 'हो' टाइप केलं. खोटं कशाला बोलू, खूश होते मी. सर शाबासकी देतील असं वाटलं होतं.

सात वाजता त्यांनी मुलुंडच्या घरी काकूंना शेजारी बसवलं आणि पूर्ण झालेलं घर दाखवायला लॅपटॉप उघडला.

हे सगळं मला सोमवारी कळलं, त्यांच्याच तोंडून. आवाज चढला नाही. मी विचारलं, "सर, कॉपी असेल ना?"

"टेस्टच्या खात्याची कॉपी ठेवायची नाही. नियम माझाच आहे."

"मी फोन करायला हवा होता, सर."

"केला असतास तरी मी काय सांगणार होतो? नाव नाही ना, मग उडव, हेच म्हणालो असतो. तुझ्यापुढे कबूल करायची लाज वाटली असती."

हे खरं होतं, का ते नुसतं मला सावरायला बोलले, ते मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत माझ्या फाइली तपासल्या, दोन चुका काढल्या.

रविवारी मी मुलुंडला गेले. काकूंच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी हाताला धरून बसवलं, चहा दिला. सर आत होते. काकूंनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "यांना विचारवत नाही गं. त्या दिवसापासून ते त्या घराचं नाव काढत नाहीत. पुसायच्या आधी तू आत जाऊन पाहिलं असशील ना? कसं होतं घर?"

मी पाहिलं नव्हतं. तसंच सांगितलं.