एका मशीनचा कारखाना

त्या सकाळी दूध गॅसवर होतं, लेक एक मोजा पायात आणि दुसरा हातात घेऊन घरभर फिरत होती, आणि आमचे हे कालचा शर्ट आज चालेल का, म्हणून त्याचा वास घेऊन बघत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. आमची बेल चालू आहे, पण सीटमास्तरांना ती कधीच दिसत नाही. त्यांची थाप तळहाताची असते. दार कुठे दबलंय का, ते तपासत असल्यासारखी.

"ताई, तुमचं शिलाई मशीन देता का? दुपारपर्यंत."

"का हो, तुमचं बिघडलं?"

"छे! माझं उत्तम आहे."

"मग?"

"लागतंय जरा," असं म्हणून त्यांनी माझ्या उत्तराची वाट न बघता मशीन टेबलासकट उचललं. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत माणूस. पण फोम आणि लोखंडी सांगाडे उचलून खांदे असे झालेत, की जिन्यावर ते मशीन त्यांनी भाजीच्या पिशवीसारखं नेलं. मी मागे वळले तोवर दुधानं आपलं काम केलं होतं.

मास्तर आमच्या खालीच राहतात. त्यांचं खरं नाव पत्रपेटीवर आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि कोपऱ्यावर कपडे शिवणारे एक मास्तर आधीच आहेत, म्हणून हे सीटमास्तर. बसच्या सीटा शिवायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली. त्यांच्याबरोबर बसनं जाणं म्हणजे एक परीक्षाच. बसल्याबरोबर त्यांचा हात सीटखाली जातो आणि शिवण चाचपत राहतो. शेजारचा प्रवासी पाय आखडून घेतो, विचारतो, "काही हरवलं का?"

"नाही, सापडलं," मास्तर म्हणतात. "माझीच आहे."

पण 'माझीच' हे फक्त त्यांना ठाऊक. शहरातल्या सगळ्या बसच्या सीटांचं काम एका मोठ्या ठेकेदाराकडे होतं. फाटक्या सीटा टेम्पोत भरून मास्तरांच्या पुढच्या खोलीत यायच्या, शिवून परत जायच्या, आणि सीटच्या पाठीवर पत्र्याची पट्टी लागायची ती ठेकेदाराच्या नावाची. एका वर्षी चांगल्या कामाबद्दल बससेवेनं ठेकेदाराला प्रशस्तिपत्र दिलं. ते बघायला मास्तर मुद्दाम त्याच्या ऑफिसात गेले होते. आल्यावर मी विचारलं, "कसं आहे हो?"

"काच छान बसवलीय," ते म्हणाले.

मग या वर्षी बससेवेनं नियम बदलला. एका डेपोच्या साठ बसच्या सीटा, तीन वर्षांचं काम, फक्त लहान दुकानांसाठी राखून ठेवलं. माणसं पाचापेक्षा जास्त नकोत, मशीन स्वतःचं हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकान कुठल्या मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालचं नको. बातमी मीच पेपरात वाचली आणि मीच खाली जाऊन सांगितली. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचं काम सोडलं. मी म्हटलं, "अहो, अजून अर्ज तरी भरायचाय." ते म्हणाले, "हाताखालून बाहेर आल्याशिवाय अर्ज कसा भरू?" तेव्हापासून दोन महिने दुकानात मोटारसायकलच्या चार-सहा सीटा आणि एका दंतवैद्याची खुर्ची, एवढंच येऊन गेलं होतं. हे काम मिळालं नाही, तर पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर भरला. मी एकेक ओळ मोठ्यानं वाचली. माणसं किती? दोन, मास्तर आणि वहिनी. मशीन किती? एक. 'लहान उद्योग' हे शब्द आले तेव्हा मास्तर हसले.

"तसं म्हणावंच लागतं हो, ताई. लोक नाही का, नवं कोरं घर दाखवताना 'या आमच्या झोपडीत' म्हणतात!"

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले आणि पान उलटलं. ती गंमत नव्हती, आणि मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

तर मशीन गेलं, पण बॉबिनचा डबा माझ्याकडेच राहिला. लेकीला शाळेत आणि ह्यांना त्याच कालच्या शर्टात कामावर धाडून मी तो द्यायला खाली उतरले. उतरताना आठवलं, की आज तपासणी. बससेवेच्या बाई दुकान बघायला येणार होत्या. म्हटलं, बरं झालं, धीर द्यायला होईल.

दार उघडंच होतं. आत बघते तर भिंतीला लागून ओळीनं चार मशिनं! पहिलं मास्तरांचं, काळं, रंग उडालेलं. शेवटचं माझं, ज्यावर फार तर उशीचे अभ्रे शिवले जातात. रेक्झिन घातलं तर सुईचे दोन तुकडे होतील. मधली दोन करडी, दणकट, अनोळखी. वहिनी खडू हातात घेऊन कपाटाला टेकून उभ्या होत्या. दुकानातलं बेतणं आणि कापणं त्यांचं.

"बघा ताई, बघा," त्या म्हणाल्या. "मशिनं चार आणि माणसं दोन. आम्ही काय गोम आहोत, इतके पाय मारायला?"

"तू गप्प बस गं," मास्तर खुर्च्या मांडत म्हणाले. "काम साठ बसचं. दाखवायचं काय, तर हे एक म्हातारं? दारातूनच परत जातील त्या. गिऱ्हाईकं जातात तशाच."

"अहो मास्तर, पण काम लहानांसाठीच ठेवलंय ना! तुम्ही लहान आहात म्हणून तर..."

"लहान म्हणजे किती लहान, ताई?" ते थांबून माझ्याकडे बघायला लागले. "त्यालाही काही मर्यादा हवी की नको?"

आयुष्यभर ज्याला 'एवढंसं दुकान, तुम्हाला झेपेल का?' हेच ऐकावं लागलं, त्याला एवढंसं असणं हीच आज जमेची बाजू आहे, हे कुठल्या तोंडानं पटवायचं?

माझी नजर करड्या मशिनांवर गेली. दोन्हींवर पांढऱ्या रंगात आकडे होते, आणि आकड्यांखाली ठेकेदाराचं नाव.

"ही कुठून आणली?"

"तिकडच्या मुकादमानं दिली. जुना दोस्त आहे. दुपारी परत न्यायचीत."

"नाव लिहिलंय त्यावर, मास्तर!"

"हो, दिसलं मला. कापड टाकतो की." त्यांनी रेक्झिनचे दोन तुकडे उचलून मशिनांवर पांघरले. शाल पांघरून म्हाताऱ्यांना उन्हात बसवतात तशी ती दोन्ही मशिनं दिसायला लागली. मी काही बोलणार, तोच दारात बाई उभ्या.

वयानं तरुण, सपाट चपला, खांद्याला पिशवी. "बसनंच आले," त्या म्हणाल्या. वहिनींनी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी बाजूला सरकवली आणि पिशवीतून अर्ज काढला. तो अर्ज, माझ्या अक्षरातला.

"मशीन एक," त्यांनी वाचलं. मग ओळीकडे बघितलं. ओठ न हलवता मोजलं.

मग त्या खाली वाकल्या. आधी मला कळेना, काय बघतायत. त्या फरशी बघत होत्या. मास्तरांच्या मशीनपुढे खुर्चीच्या पायांनी फरशीत खळगे पडलेत, पायपट्टीखाली तर दगड गुळगुळीत झालाय. बाकीच्या तिन्ही मशिनांपुढे फरशी नव्यासारखी.

"हे कुणाचं?" त्यांनी माझ्या मशीनकडे बोट केलं.

"वरच्या ताईंचं," मास्तर म्हणाले. विचारलं की खोटं बोलणं त्यांना जमत नाही. न विचारता जेवढं जमलं तेवढं सकाळपासून करून झालं होतं.

"यावर बसची सीट शिवता?"

"नाही."

"आणि या दोन मशिनांवर कापड का?"

मास्तर कापडाची टोकं सारखी करायला लागले.

"सांगा की," वहिनी म्हणाल्या. "आज काही तोंडात टाचण्या नाहीत तुमच्या."

मास्तरांनी स्वतःच्या हातानं कापड काढलं. बाईंनी नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि पेन उघडलं.

"तुम्हाला काय वाटलं, मी इथे काय बघायला येते?"

"किती मोठं काम झेपेल, ते."

"नाही. दुकान खरंच तुमचं आहे, की मागे दुसरं कुणी उभं आहे, ते." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेला वाटला. "गेल्या वर्षी अशा पाच जागा पाहिल्या मी. पाटी लहान माणसाची, मशिनं मोठ्याची, आणि काम मिळालं की पैसा मोठ्याकडे. ती माणसंसुद्धा तुमच्यासारखीच साधी होती."

मला राहवलं नाही. "मॅडम, अर्ज मीच भरलाय. त्यात सगळं खरं आहे हो."

"तीच तर अडचण आहे," त्या म्हणाल्या. "अर्ज एक सांगतो आणि खोली दुसरंच."

त्यांनी कामाचा नमुना मागितला. मास्तरांनी कोपऱ्यातली एक सीट आणून ठेवली, आणि तिच्याजवळ येताच सकाळपासून पहिल्यांदा त्यांची मान सरळ झाली.

"शिवण कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"खाली वळवलीय, काठाच्या आत. कसंय मॅडम, बसमध्ये माणसाच्या बोटांना काम नसतं. वर धागा दिसला की तो उकरायला लागतो. वाईट नसतो तो, कंटाळलेला असतो. एकानं सुरुवात केली की महिन्याभरात फोम बाहेर. म्हणून बोट पोचणारच नाही तिथे शिवायचं."

"याला वेळ जास्त लागतो?"

"दीडपट. ठेकेदार ओरडायचा."

बाईंनी अंगठ्याचं नख काठावरून फिरवलं, खाली घातलं, उकरून बघितलं. धागा काही हाताला लागला नाही. "हं," एवढंच म्हणाल्या.

"काम चांगलं आहे. पण आज मला नोंद कामाची नाही, दुकानाची करायचीय." आणि त्यांनी लिहिलं. लपवलं नाही, आम्हाला दिसेल असंच लिहिलं: मशीन चार. दोनवर ठेकेदाराचं नाव.

"आता पुढे काय?" मी विचारलं.

"समितीपुढे जाईल. अशी नोंद असली की बहुतेक वेळा अर्ज बाजूला पडतो."

वहिनींचा हात खडूनं पांढरा झाला होता. त्यांनी तो तसाच पदराला पुसला. आता थट्टा नव्हती. "बावीस वर्षं त्याच्या नावाखाली राबलात," त्या हळू म्हणाल्या. "आणि तुमच्या नावाच्या दिवशी त्याचंच नाव उचलून घरात आणलंत."

मास्तर खाली बसले. स्वतःच्या मशीनपुढच्या खुर्चीवर, त्या खळग्यांत. मला वाटलं, आता हात जोडतील, गयावया करतील. अशा वेळी भलेभले करतात. मीही मनात वाक्यं जुळवत होते, त्यांच्या वतीनं बोलायला. बाई कागद पिशवीत घालत होत्या.

"मॅडम," मास्तर म्हणाले, "लिहिलंय ते खोडू नका. दिसलं तेच लिहिलंत तुम्ही. ठेकेदाराला यातलं काही माहीत नाही, आणि तिकडच्या मुकादमानं मशिनं मैत्रीखातर दिली, त्याच्या पोटावर पाय येऊ देऊ नका. मोठं दिसायची हौस माझी."

बाई थांबल्या.

"एकच मागणं आहे. समितीपुढे जायच्या आधी पुन्हा एकदा या. कधी येणार, ते मात्र सांगू नका."