कानबाईनंतर न आलेली पाळी

श्रावणात आमच्या घरी कानबाई बसली त्याच सकाळी मला पाळी आली, आणि मी ती लपवली. चौदा वर्षांची होते. लिंबायतच्या कामगार वस्तीत आमची खोली एकच. त्यात बाजूला बसायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला कळणार. शिवाय खानदेशातून आत्या-काकू आलेल्या आणि देवीच्या रोटांचं पीठ मला मळायचं होतं. मळलं. रोट खाल्लेही पोटभर.

त्यानंतर पाळी आलीच नाही. एक महिना गेला, दोन गेले. देवीनं माझं कायमचं बंद केलं, अशी माझी खात्रीच झाली. कोनाड्यातल्या कानबाईच्या नारळाकडे बघायची हिंमत होईना.

पण मुलगी बाजूला बसत नाही, हे एका खोलीत आईपासून लपणार कसं? एका दुपारी वडील लूमवर कामाला गेल्यावर तिनं दार लावलं आणि माझं मनगट धरलं.

"कोन शे तो?"

"कोन?"

ती काय विचारतेय तेच मला कळेना, पण तिची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून, तिनं मला रिक्षानं पर्वत पाटियाच्याही पुढे एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लघवी तपासायला दिली. आई बाकावर पदर चावत बसली.

"गभराओ नहीं बेन, ऐसा कुछ नहीं है," बाई म्हणाल्या. पहिली दोन-तीन वर्षं हार्मोनचं गणित बसलेलं नसतं, एखाद्या महिन्यात बीजच तयार होत नाही, म्हणून पाळी चुकते, असं त्यांनी समजावलं. 'ऐसा कुछ' म्हणजे काय ते मला तेव्हा उमगलं आणि रडूच कोसळलं. आईला माझ्याबद्दल असं वाटलं!

परतताना आई म्हणाली, "कानबाईले नवस करेल व्हता. तिनीच वाचाडं."

मग मी रोटांचं सांगून टाकलं. आई घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

आठवड्यानं पाळी आली. पुढच्या श्रावणात मात्र कानबाईच्या आधी आईनं पाळी लांबवायच्या गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. देवीची भीती मला आता उरली नव्हती. पण या गोळ्यांनी पाळी परत चुकली, तर आई पुन्हा दार लावेल.