बिछायतीची जुनी पिकअप

आमच्या दुकानाच्या पाटीवर हिंदीत ‘टेंट हाउस’ असं लिहिलेलं आहे, पण सौसरात सगळे त्याला बिछायतच म्हणतात. मंडपाचे पाइप, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाची मोठाली गंजं आणि दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला एक जनरेटर, एवढा आमचा पसारा. नवरा बोरगावच्या कारखान्यात जातो, त्यामुळे बिछायत मीच पाहते. सामान न्यायला आम्ही भाड्याची गाडी सांगत असू. एका लग्नाच्या सकाळी ती आलीच नाही. ड्रायव्हरचा फोन बंद. नवरीचा बाप स्वतः मोटारसायकलवर दुकानासमोर येऊन उभा राहिला. खुर्च्यांच्या थप्प्यांकडे पाहत राहिला. शेवटी एक ट्रॅक्टर मिळाला, पण मंडप उभा झाला तोवर पंगतीची वेळ टळून गेली होती. त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, “आता आपली गाडी पाहिजे. जुनी चालेल, पण आपली पाहिजे.”

“बाबांले विचार,” तो म्हणाला. “मले गाडीतलं काय समजते?”

बाबा म्हणजे माझे वडील. आमच्याच गल्लीत राहतात. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांचे ट्रक चालवले. आजोबा लोकांच्या शेतात राबले. बाबा पंधराव्या वर्षी क्लीनर म्हणून ट्रकवर चढले आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हाच उतरले. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावावर सायकलीशिवाय दुसरं वाहन झालं नाही. आता त्यांना ऐकू कमी येतं. डाव्या बाजूनं बोललं तर अजिबातच नाही.

पहिली गाडी आम्ही पांढुर्ण्यात पाहिली. पांढरीशुभ्र, नव्या रंगाची, सीटवर लाल कव्हर, आरशाला गोंडे. मला तर ती पाहताक्षणीच आवडली. माझ्या दुकानाचं नाव त्या दारावर कसं दिसेल, हेसुद्धा मी मनात लिहून टाकलं. विकणारा माणूस बोलायला गोड. “ताई, डोळे मिटून घेऊन जा,” म्हणाला.

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला.

“गरम काहून आहे?”

“आत्ताच चक्कर मारून आणली, काका.”

“थंडी होऊ द्या. आम्ही बसतो.”

आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. एक चहा झाला, दुसरा झाला. त्या माणसाची चुळबुळ वाढली. तासाभरानं बाबा उठले. खिशातून रुमालात बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि दाराच्या खालच्या कडेला लावलं. ते चिकटलं नाही, टपकन खाली पडलं. रंगाखाली धड पत्रा नव्हता, सडलेल्या पत्र्यावर भरलेली पुट्टी होती. मग त्यांनी गाडी चालू करायला लावली. तीन वेळा घरघरून चौथ्यांदा ती चालू झाली. बाबांनी इंजिनात तेल टाकायचं झाकण उघडलं. त्यातून चुलीच्या धुराड्यासारखा धूर निघाला, म्हणजे इंजिन आतून झिजलं होतं. पुढच्या टायरकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, “हे पाह्य, आतल्या बाजूनंच घासलं. पुढून कुठंतरी धडकलेली आहे.”

मी मान हलवली, पण माझं तोंड उतरलं होतं. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि भांडलेच. “तुम्हाले सगळ्यातच खोट दिसते. जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार राहणारच ना.”

“थोडंफार चालते,” ते म्हणाले. “लपवलेलं चालत नाही.”

दुसरी गाडी लोधीखेड्याजवळच्या एका संत्रावाल्या शेतकऱ्याची होती. दिसायला अगदीच वाईट. निळा रंग उन्हानं फिका पडलेला, मागच्या फळीला पोचा, एक दिवा तारेनं बांधलेला. शेतकऱ्यानं आमच्यासमोर चावी फिरवली आणि ती एका दमात चालू झाली. तो आपणहूनच सांगायला लागला, “दुसऱ्या गिअरमधे आवाज करते. हीटर नाई. पावसात डाव्या बाजूनं पाणी येते. बाकी दहा वर्षं बगिच्यातून संत्रा काढून राहिलो, मधे कुठं उभी नाही राहिली.”

बाबांनी बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवले आणि डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली की काय. नंतर कळलं, ते ऐकत होते. कानानं ऐकू येईनासं झाल्यापासून ते इंजिन हातानं ऐकतात. बराच वेळ तसेच उभे होते. मग गाडीखाली आडवे झाले, चेसिसवर नखानं खरवडलं, स्प्रिंगचे पाटे मोजले, आणि पाठीला माती घेऊन बाहेर आले.

“विकून काहून राहिले?” त्यांनी विचारलं.

“पोरगी बाहेर नोकरीवर, बगिचा ठेक्यानं देऊन राहिलो. उभी ठेवली तं सडून जाईन.”

बाबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी त्या फिक्या निळ्या रंगाकडे पाहिलं आणि पांढऱ्या गाडीची आठवण गिळून टाकली.

कागद माझ्या नावानं झाले. ते हातात आले त्या दिवशी बाबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावले. माझं नाव आलं तिथं म्हणाले, “ऐकू नाही आलं, पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

गाडी चालवायला मी त्यांच्याकडूनच शिकले. स्कूटी येत होती, पण हे वेगळंच जनावर होतं. त्याहून अवघड होती मागची जनरेटरची ट्रॉली. मागे घेताना स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे पळते. मैदानावर मी तीन दिवस रडकुंडीला आले. हुक बसवताना वेल्डिंगवाला म्हणाला, “बंपरलेच मारून देतो, काम होऊन जाईन.” बाबांनी त्याला हात लावू दिला नाही. हुक चेसिसला नटबोल्टनं बसवायला लावला, आणि वरून दोन साखळ्या आणल्या. ट्रॉलीच्या दांडीखालून त्या कात्रीसारख्या आडव्या लावायच्या, दर वेळी, न चुकता. मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटायचा.

पुढच्या हंगामात पांढुर्ण्याकडच्या एका गावात लग्न होतं. सामान लादून झालं आणि ट्रॉलीची दांडी हुकात अडकवायची पिन सापडेना. मागच्या लग्नातच कुठंतरी राहिली असावी. उशीर होत होता. कोपऱ्यात बांधकामाच्या लोखंडी सळीचा तुकडा पडला होता, तो मी हुकाच्या भोकात घातला, टोक वाकवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. साखळ्या मात्र लावल्या. सवयीनं लावल्या, विचार करून नाही. बाबा शेजारी येऊन बसले आणि आम्ही निघालो.

शनिवार होता. जामसांवलीला दर्शनाला चालत जाणाऱ्या लोकांच्या रांगा रस्त्याच्या कडेला होत्या. त्या रांगांच्या बाजूनं पुढच्या उताराला लागलो आणि मागून ठाण्णकन आवाज आला. गाडीला हिसका बसला. आरशात ट्रॉली एका बाजूला झुकलेली दिसली. माझा पाय ब्रेककडे गेला.

“ब्रेक नाही!” बाबा ओरडले. त्यांना आवाज ऐकू आला नव्हता, पण सीटमधून तो हिसका त्यांच्यापर्यंत पोचला होता. “जोरात दाबशीन तं ट्रॉली मागून अंगावर येईन. पाय काढ. स्टीअरिंग सरळ धर. होऊ दे हळू.”

मी पाय काढला. स्टीअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं. पुलाच्या अलीकडे चढ लागला, गाडी आपोआप मंदावली, मग मी हलकेच ब्रेक दाबून ती कडेला घेतली. उतरून पाहिलं. सळी तुटली होती. ट्रॉलीची दांडी दोन साखळ्यांच्या फुलीत झोळीसारखी अडकली होती, रस्त्याला टेकली नव्हती. साखळ्या नसत्या तर ती सुटलेली ट्रॉली कुठं गेली असती, हे कडेच्या रांगा पाहून मला कळलं आणि मी चाकांना लावायला दगड शोधायला धावले.

दर्शनाला निघालेले चार-पाच जण धावत आले. त्यांनी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, दांडी उचलून धरली. एक रिकामा ट्रॅक्टर थांबला. चालवणाऱ्यानं कुठलं लग्न, कोणाचं, एवढं विचारलं आणि स्वतःच्या हुकाची पिन काढून माझ्या हातात दिली. “घेऊन जा, ताई. माहं आज काम नाई. वापस येतानी या फाट्यावरच्या दुकानात ठेवून देजा.”

पुन्हा निघण्याआधी बाबांनी तो तुटका तुकडा उचलला.

“हे काय होय?”

“सळी,” मी म्हटलं. “पिन हरपली होती. मी सांगितलं नाही.”

मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी तो तुकडा बोटांत फिरवला आणि खाली पाहत म्हणाले, “मी बी केलं होतं एकदा. तार बांधली होती मी. साखळी नव्हती. ट्रॉली सुटली अन् एका घराची भिंत घेऊन गेली. घरातली बाई पाण्याले गेली होती म्हणून वाचली. मालकानं मले काढलं, ते बरोबरच केलं.” मग म्हणाले, “तुह्या मायले बी नाही सांगितलं कधी.”

मी साखळ्या पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. गाडीत बसलो. दिवेलागणीच्या आत मंडप उभा झाला, जनरेटर चालू झाला, आणि नवरदेवाच्या मामानं “बिछायत टाइमावर आली” म्हणून आम्हाला पहिल्या पंगतीला बसवलं. बाबांनी भात दोनदा मागून घेतला.

तेव्हापासून हुकाच्या दोन जास्तीच्या पिना सीटखालच्या डब्यात असतात. रविवारी सकाळी मी स्वतः ग्रीस भरते, डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सोडून साचलेलं पाणी काढते, ट्रॉलीच्या टायरची हवा पाहते. कापसाच्या दिवसांत शेजारचे शेतकरी गाडी मागतात. मग रेडिएटरच्या जाळीत कापसाचा चिवट थर बसतो. तो पाण्याच्या फवाऱ्यानं काढू गेलं तर आणखी आत घुसतो, म्हणून दात घासायच्या जुन्या ब्रशनं मी तो वरून खाली ओढून काढते. हे बाबांनी शिकवलं नाही, माझं मीच शोधलं. एकदा ते बाजूला उभे राहून पाहत होते. म्हणाले, “आम्हाले हे सुचलं नाही.” त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूश होते.

गाडी काही नव्यासारखी झाली नाही. पावसाळ्यात डाव्या बाजूला बसणाऱ्याचा खांदा अजून भिजतो. मागे पाटे बदलावे लागले, तेव्हा दोन दिवस ती गॅरेजमध्ये उभी होती आणि दार उघडल्यावर अंगण ओकंबोकं वाटलं.

या उन्हाळ्यापासून नवऱ्यानं शिकायचं मनावर घेतलं आहे. सुटीच्या दिवशी ऊन उतरलं की आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर जातो. तो स्टीअरिंगवर, मी शेजारी, बाबा मागे हौद्यात गादीवर बसलेले. गाडी दोन हिसके देते आणि बंद पडते.

“क्लच हळू सोडा,” मी म्हणते.

“हळूच तं सोडून राहिलो!”

मागून बाबा फळीवर थाप मारून विचारतात, “चालू झाली का?”

“नाही, बाबा!” मी मागच्या खिडकीतून ओरडते.

“मंग ठीक आहे,” ते म्हणतात, “मी झोपतो थोडा,” आणि खरंच गादीवर आडवे होतात.